वाचकांचे प्रश्न : पहिल्या जेट विमानांची इंजिने इतकी अल्पायुषी का होती?

प्रश्न : वागळे इस्टेटमधील कारखान्यात मी तीस वर्षे लेथ चालवला. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनीचे जेट विमान सर्वांत वेगवान असूनही त्याचे इंजिन पंचवीस तासांतच बदलावे लागे, असे ऐकले. जर्मन कारागिरी इतकी कच्ची कशी?
– एक निवृत्त टर्नर, ठाणे

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, मात्र दोष कारागिरीपेक्षा धातूचा अधिक होता. पिस्टन इंजिनात प्रत्येक स्फोटानंतर सिलिंडरला थोडी उसंत मिळते. जेटमध्ये ज्वाळा अखंड पेटलेली असते, आणि टर्बाइनची पाती तापून लाल झालेली असतानाच प्रचंड वेगाने फिरत असल्यामुळे बाहेरच्या बाजूला ओढली जाऊन हळूहळू लांबत जातात. साध्या कार्बन स्टीलचे टूल तापून निळे पडले की त्याची धार जाते आणि टंगस्टनयुक्त हायस्पीड स्टीलचे टूल तेवढ्याच उष्णतेत टिकते, हे आपल्याला आम्ही काय सांगावे!

असा ताप सोसणाऱ्या मिश्रधातूला निकेल, क्रोमियम, कोबाल्ट लागतात आणि युद्धकाळात जर्मनीकडे त्यांचाच तुटवडा होता. १८ जुलै १९४२ रोजी मेसरश्मिट २६२ हे विमान केवळ जेटच्या बळावर प्रथम उडाले, परंतु त्याचे युमो ००४ इंजिन कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागले तेव्हा त्याची ज्वलनकक्षे अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या साध्या पोलादाची करावी लागली; पुढे टर्बाइनची पातीही पोकळ करून त्यांतून गार हवा खेळवली गेली. टंचाईतून निघालेली ही युक्ती आम्हाला त्या इंजिनातील सर्वांत हुशार गोष्ट वाटते. एवढे करूनही आयुष्य दहा ते पंचवीस तासांचेच राहिले. ब्रिटनमध्ये फ्रँक व्हिटल यांनी १९३० सालीच जेट इंजिनाच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तेथील पात्यांना निकेलचा मिश्रधातू मिळाल्यामुळे १९४४ मध्ये सेवेत आलेले ग्लॉस्टर मिटिऑर हे ब्रिटिश जेट विमान वेगाने कमी असले तरी त्याची इंजिने पुष्कळ अधिक टिकत.

जर्मन वैमानिकाला थ्रॉटलही (इंजिनाचा जोर कमी-जास्त करणारा दांडा) अगदी सावकाश पुढे सरकवावा लागे, कारण घाई केली की इंजिन अतितप्त होई किंवा विझे. त्यामुळे उतरताना मंदावलेले हे विमान झटकन वेग घेऊ शकत नसे आणि शत्रूची विमाने नेमकी तेव्हाच झडप घालत. अखेर ताशी सुमारे ८७० किलोमीटर वेगाच्या या विमानाच्या रक्षणासाठी धावपट्टीभोवती पंख्याच्या विमानांचा पहारा ठेवावा लागला.