‘हा बसतच नाही, याला योग कसा जमणार?’

शाळेच्या वेळापत्रकात योगाचा तास आला की माझ्याकडे येणाऱ्या पालकांची एक काळजी ठरलेली असते. मूल स्वमग्न (ऑटिस्टिक) असो, अतिचंचल असो की बौद्धिक वाढ मंद असलेलं असो, आई-बाबा सांगतात, "मॅडम, हा दोन मिनिटं एका जागी बसत नाही. डोळे मीट म्हटलं की पळत सुटतो. याला योग कसा जमणार?" 21 जून जवळ आला की अशा पालकांची संख्या वाढते. योग दिनाला सगळ्या मुलांनी रांगेत, एका लयीत आसनं करायची असतात, आणि आपलं मूल रांगेतून बाहेर पडणार ही धास्ती त्यांना आधीपासूनच असते.

या सगळ्यांसाठी एका आईची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला आपण नील म्हणू.

नील सहा वर्षांचा, पहिलीत. स्वमग्नतेचं निदान तिसऱ्या वर्षीच झालेलं. बोलणं मोजकं. कुकरची शिट्टी, मिक्सर, शाळेची घंटा, कुठलाही आवाज अचानक झाला की तो स्वतःच्या मनगटाला चावायचा. तिथे घट्टा पडला होता. शाळेत योगाचा छोटा तास सुरू झाला तेव्हा बाकीची मुलं सतरंजीवर आणि नील भिंतीला तळवा घासत वर्गाच्या कडेकडेने. बाईंनी आईला मागे बसायची परवानगी दिली होती. आई बसायच्या आणि तासभर दबक्या आवाजात सांगत राहायच्या, "नील, बस. बस ना रे. बघ, सगळे कसे बसलेत."

"तो बसला नाही तर काय होईल?" मी विचारलं.

"इतर मुलं बघतात. बाई काही म्हणत नाहीत, पण त्यांनाही त्रास होतच असणार."

"आणि तुम्हाला?"

त्या बराच वेळ गप्प होत्या. "मॅडम, थेरपी केली, आहार बदलला, नोकरी सोडली. आणि साधं बसायला शिकवू शकले नाही मी त्याला."

माझं काम अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर, म्हणजे त्रास देणारे हट्टी विचार तपासून बदलण्याच्या पद्धतीवर, उभं आहे. मराठीत ती कि. मो. फडके यांनी रुजवली, आणि पालकांबरोबर काम करताना तिच्याइतकं उपयोगी दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही. एखादी गोष्ट व्हावी अशी इच्छा माणसाला बळ देते. तीच इच्छा अट बनली की माणूस खचतो.

"त्याने बसावं असं वाटणं अगदी रास्त आहे," मी म्हटलं. "पण तो बसला तरच शिकतोय, आणि तो बसला तरच मी चांगली आई, या अटी कुणी घातल्या?"

त्या रागावल्या. "मग काय, नुसतं फिरू द्यायचं त्याला?"

"पुढच्या तासाला त्याला एकही सूचना देऊ नका. तो फिरताना काय करतो ते फक्त बघून या."

पुढच्या भेटीत त्या बसायच्या आधीच बोलायला लागल्या. "मॅडम, तो कोपऱ्यात पोचला की दोन्ही हातांनी भिंत ढकलतो. जोर लावून. आणि ढकलून झालं ना, की त्याचा श्वास संथ होतो. खांदे खाली येतात. मी इतके दिवस तिथेच होते, पण मला दिसलंच नव्हतं."

मला त्या क्षणी फार आनंद झाला. वर्गातल्या कुणाच्याही नजरेला न आलेली गोष्ट या आईंनी टिपली होती. काही मुलांना आपलं शरीर नेमकं कुठे आहे याची जाणीव पुसट असते. स्नायूंवर, सांध्यांवर जोर पडला की ती जाणीव ठळक होते आणि मूल निवतं. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हेच ओळखून अशा मुलांना ढकलायची, ओढायची, उचलायची कामं देतात. नील ते आपलं आपण शोधून करत होता, आणि आपण त्याला तिथून उठवून सतरंजीवर आणत होतो.

योगाच्या बाई समंजस. त्यांनी पुढच्या तासाची सुरुवातच ‘भिंत ढकल’ने केली. सगळ्यांनी भिंतीला हात टेकायचे, मागे सरकायचं, पाठ लांब करायची. अधोमुख श्वानासनाचंच हे उभं रूप. सगळा वर्ग नीलच्या भिंतीपाशी गेला. मग ताडासन, मग भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं. क्रम रोज तोच, आणि त्याची चित्रं फळ्याशेजारी टांगलेली, म्हणजे पुढे काय येणार ते नीलला आधी कळायचं.

भ्रामरी मात्र तो करत नव्हता. मी आईंना म्हटलं, "त्याच्यासाठी करू नका. तुमच्यासाठी करा." त्यांनी डोळे मिटले, गुणगुणायला लागल्या. योगाचे दोन-तीन तास असेच गेले. मग एकदा नील भिंत सोडून आला आणि त्याने आईच्या पाठीला कान लावला. आवाज अंगातून कसा थरथरतो ते ऐकत तो पूर्ण भ्रामरी संपेपर्यंत उभा राहिला. पुढे कधीतरी तोही गुणगुणू लागला, डोळे सताड उघडे ठेवून.

आणि मग दिवाळीच्या सुट्टीनंतर त्या आल्या त्या रडतच. "काल कुकरची शिट्टी झाली. त्याने हात तोंडाशी नेला. मी काही बोलले नाही, मला बोलायचं होतं तरी. तो वळला, स्वयंपाकघराच्या भिंतीशी गेला आणि ढकलायला लागला. गुणगुणत. चावला नाही, मॅडम."

वर्गात शिकलेली गोष्ट मूल घरी, ताणाच्या क्षणी, कुणी न सांगता वापरतं, याहून मोठी प्रगती मी मागत नाही. यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते आईंचं न बोलणं. त्यांची अट आधी सुटली, त्यांचा श्वास आधी संथ झाला, आणि मग नीलला आईजवळ यावंसं वाटलं. मुलाच्या आधी घरातल्या मोठ्यांबरोबर काम करायचं, हा माझा आग्रह अनेकांना खटकतो. नीलसारखी मुलं मला तो सोडू देत नाहीत.

तेव्हा पालकांनो, ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ म्हणजे योग, हे मनातून काढून टाका. आपल्या मुलाचा योग हालचालीतून सुरू होईल. डोळे उघडे राहिले तरी चालतं. अनेक मुलांना डोळे मिटायची भीतीच वाटते. शवासनात पायांवर एखादी गोधडी घातली तर काही मुलांना आराम पडतो. ‘दीर्घ श्वास घे’ म्हणण्यापेक्षा गुणगुणायला लावा, फुंकर मारायला लावा. उच्छ्वास लांबला की हृदयाची गती आपोआप मंदावते. मुलाला वेगळी जागा हवी, तासाला उभं राहू द्यायला हवं, तर शाळेकडे ते मोकळेपणाने मागा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने मुलाच्या गरजेप्रमाणे सोय करून देणं ही शाळेची जबाबदारी ठरवली आहे. ते उपकार नाहीत.

योगाने स्वमग्नता बरी होते असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. या विषयावरचं संशोधन अजून बहुतांशी लहान गटांवरचं आहे. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, चालू असलेली औषधं, काहीही योगासाठी बंद करू नका.

आणि काही गोष्टी जिवाच्या आहेत. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेतल्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा सैल असतो. डॉक्टरांनी मान तपासून परवानगी दिल्याशिवाय त्यांना शीर्षासन, सर्वांगासन, हलासन किंवा कोलांटी नको. फिट येणाऱ्या मुलांना कपालभाती, भस्त्रिका नको, कारण जलद श्वासाने काही प्रकारच्या फिट येऊ शकतात. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाचे ताठर स्नायू आसनासाठी जबरदस्तीने ताणायचे नाहीत, आधी फिजिओथेरपिस्टला विचारायचं. श्वास रोखून धरणं या वयात कुणालाच नको. निदानाचा कागद शाळेच्या कार्यालयात असतो, पण योग शिकवणाऱ्या बाई किंवा सर बाहेरून येत असतील तर त्यांच्यापर्यंत तो पोचलेलाच नसतो, असं मला वारंवार आढळतं. पहिल्या तासाआधी स्वतः जाऊन त्यांना भेटा आणि तो कागद दाखवा.