ऑक्टोबरची छाटणी आणि मार्चचं जहाज: वाहतूक, संपर्क आणि व्यापाराचं जाळं अर्थव्यवस्थेला काय देतं

वाहतूक, संपर्क आणि व्यापाराचं जाळं अर्थव्यवस्थेला काय देतं, या परीक्षेतल्या प्रश्नाबद्दलची तुमची तक्रार रास्त आहे. रस्ते, रेल्वे, बंदरं, फोन आणि व्यापार करार यांमुळे अर्थव्यवस्था बळकट होते, असं प्रत्येक पुस्तकात छापलेलं असतं. पण बळकट होते म्हणजे नेमकं काय होतं, ते कुणी उलगडून सांगत नाही. शिवाय गावात रस्ता आला की गावाचं उत्पन्न वाढतंच का, हा तुमचा उपप्रश्नही आहे. मी नाशिक जिल्ह्यात द्राक्ष निर्यातीच्या वाहतुकीचं काम बरीच वर्षं करतोय, म्हणून द्राक्षावरूनच सांगतो.

मुद्दा आधी सांगून टाकतो. या तिन्ही जाळ्यांचं सगळ्यात मोठं देणं म्हणजे भरवसा. माल लवकर पोचतो, स्वस्तात पोचतो, हे खरंच आहे. पण ठरल्या दिवशी, ठरल्या अवस्थेत पोचेल अशी खात्री असेल तरच माणूस आज खिशातला पैसा बाहेर काढतो. उत्पादन वाढतं ते त्या पैशाने.

द्राक्षात हे स्वच्छ दिसतं. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, ऑक्टोबरच्या आगेमागे गोडी छाटणी, आणि तिथून साधारण चार महिन्यांनी माल काढणीला येतो. बाग निर्यातीची करायची की लोकल बाजाराची, हे शेतकरी घड हातात आल्यावर ठरवत नाही. निर्यातीची करायची तर सुरुवातीपासून घडांची संख्या कमी ठेवावी लागते, मण्यांची विरळणी करावी लागते, कुठलं औषध कुठल्या तारखेनंतर मारायचं नाही याची वही ठेवावी लागते. एकरी माल कमी निघतो आणि मजुरी वाढते. मार्चमध्ये मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदरातून जहाज सुटेल आणि युरोपातला खरेदीदार माल उचलेल, या विश्वासावर हा खर्च ऑक्टोबरपासून सुरू होतो. म्हणजे बंदरातल्या क्रेनचा परिणाम दिंडोरीच्या बागेत पाच महिने आधी दिसतो. जाळ्यांचे फायदे मोजताना हे सुटून जातं, कारण आपण फक्त वाहून नेलेला माल मोजतो. भरवसा नसल्यामुळे जो माल पिकवलाच गेला नाही, तो कुठल्याच आकडेवारीत येत नाही.

आता एका दिवसाचं काम जवळून बघा. मार्च महिना आहे. ऊन चढायच्या आत काढणी उरकायची असते, कारण तापलेला मणी लवकर मऊ पडतो. क्रेट पॅकहाऊसमध्ये येतात. टेबलांवर बायका घड देठाला धरून, मण्याला बोट न लावता, बारीक कात्रीने फुटके, लहान, डागी मणी काढतात. मण्यावरचा पांढुरका मेणासारखा थर पुसला गेला तर माल जुना दिसतो, म्हणून एवढी काळजी. मग अर्ध्या किलोचे पनेट (छोटे डबे), दहा पनेटचा बॉक्स आणि वर सल्फर डायऑक्साइड सोडणारा कागद, म्हणजे बुरशी धरत नाही. तिथून माल प्रीकूलिंगमध्ये जातो. बागेतून तापून आलेला मणी सहा ते आठ तासांत शून्य अंशाच्या जवळ आणायचा असतो. पुढचा रीफर, म्हणजे थंड राहणारा, कंटेनर माल थंड करत नाही, आधीच थंड केलेला माल तसाच ठेवतो. प्रीकूलिंग अर्धवट राहिलं तर महागातला महाग कंटेनरही ते भरून काढू शकत नाही. बॉक्सच्या थप्पीत तापमान नोंदवणारं छोटं यंत्र ठेवतात. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात दार उघडलं की आधी त्याचा आलेख बघतात, द्राक्ष नंतर.

असा एक कंटेनर म्हणजे तेरा टनांच्या आसपास माल. त्याच्यामागे बागायतदार, छाटणीची टोळी, पॅकहाऊसमधल्या बायका, बॉक्स बनवणारा कारखाना, वीज, ड्रायव्हर, कस्टमचं काम बघणारा एजंट, विमा कंपनी आणि बँक असतात. एवढ्या लोकांना एकमेकांची तोंडओळखही नसते, तरी सगळ्यांची वेळ जुळवावी लागते. ती जुळवतं ते जाळं.

रस्त्याचं बघू. नाशिकहून मुंबईकडे उतरायचं म्हणजे कसारा घाट आला. १८६५ साली याच, म्हणजे थळ घाटातून रेल्वे वर चढली. तिथला चढ इतका तीव्र आहे की आजही इगतपुरीकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि सातशे एक किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. त्यातला जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा घाटाला बगल देतो. घाटात ट्रक अडकला तर रीफरचा जनरेटर चालू असतो, माल टिकतो. पण बंदराच्या गेटची वेळ चुकते आणि जहाज निघून जातं. पुढचं जहाज आठवड्याने. म्हणून अशा रस्त्याची किंमत वाचलेल्या डिझेलवरून काढू नका, न चुकलेल्या जहाजांवरून काढा.

परीक्षेच्या दृष्टीने एक आकडा इथेच सांगतो. भारताचा लॉजिस्टिक खर्च, म्हणजे माल वाहून नेण्या-साठवण्याचा खर्च, जीडीपीच्या १३ ते १४ टक्के आहे, असं वर्षानुवर्षं लिहिलं जायचं. एनसीएईआर या आर्थिक संशोधन संस्थेने सरकारसाठी पद्धतशीर अंदाज काढला तेव्हा २०२१-२२ साठी तो ७.८ ते ८.९ टक्के निघाला. जुना आकडा अजून अनेक नोट्समध्ये फिरतोय, तो उतरवू नका.

आता संपर्क. इथे बहुतेक उत्तरं मोबाईल आणि इंटरनेट ही नावं घेऊन थांबतात. २०१० साली आमच्या धंद्यात जे झालं ते बघा, मग संपर्काचं खरं वजन कळेल. त्या हंगामात युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षात क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतंच. रस्ता ठीक होता, जहाज वेळेवर होतं, मालही दिसायला उत्तम होता. तरी कंटेनर अडकले आणि बागायतदार, निर्यातदार दोघांचंही मोठं नुकसान झालं. तिकडच्या नियमाची माहिती इकडच्या बागेपर्यंत पोचली नव्हती, एवढंच तुटलं होतं.

सावरता आलं ते अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेच्या ग्रेपनेट या नोंदणी व्यवस्थेमुळे. ही व्यवस्था २००६ पासून होती. निर्यातीच्या प्रत्येक बागेची नोंदणी होते, तिला क्रमांक मिळतो, काढणीआधी त्या प्लॉटचा नमुना प्रयोगशाळेत जातो, आणि अहवाल आल्याशिवाय त्या प्लॉटचा माल बाहेर पडत नाही. बॉक्सवरच्या लेबलवरून नेदरलँड्समधला खरेदीदार थेट निफाडच्या बागेपर्यंत माग काढू शकतो. पुढे तपासणीच्या यादीत ते रसायनही आलं. दोष एका प्लॉटमध्ये निघाला तर तो प्लॉट बाजूला काढता येतो, सगळ्या भारतीय द्राक्षावर शिक्का बसत नाही. परक्या देशातला माणूस न बघितलेल्या मालाचे पैसे मोजतो, तो या नोंदींच्या जोरावर.

मोबाईलचं म्हणाल तर केरळच्या किनाऱ्याचं उदाहरण जरूर लिहा. अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी कासारगोड, कन्नूर आणि कोळिकोड या जिल्ह्यांतल्या तारली या मासळीच्या बाजारांचा अभ्यास केला. १९९७ ते २००१ या काळात तिथे टप्प्याटप्प्याने मोबाईल आला. आधीची स्थिती अशी: १४ जानेवारी १९९७ च्या सकाळी बडगरा इथे ११ कोळ्यांना गिऱ्हाईक नव्हतं, ते मासळी टाकून द्यायच्या बेतात होते. तिथून १५ किलोमीटरच्या आतल्या बाजारांत २७ गिऱ्हाईकं रिकाम्या हाताने परत निघाली होती. फोन आल्यावर कोळी समुद्रातूनच भाव विचारून ठरवायला लागले की होडी कुठे लावायची. पूर्वी पाच ते आठ टक्के मासळी वाया जात होती, ते जवळजवळ थांबलं. कोळ्यांचा नफा सरासरी ८ टक्के वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. समुद्र तोच, होड्या त्याच, मासेही तेवढेच.

तिसरं जाळं व्यापाराचं. यात सागरी मार्ग येतात, जहाज कंपन्या येतात आणि देशादेशांतले नियमही येतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये येमेनमधल्या हूती बंडखोरांनी तांबड्या समुद्रात 'गॅलक्सी लीडर' हे जहाज ताब्यात घेतलं, हल्ले वाढले, आणि डिसेंबरपासून मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ कालवा सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. मुंबईहून उत्तर युरोपला सुएझमार्गे साधारण सव्वासहा हजार सागरी मैल पडतात, केप ऑफ गुड होपवरून पावणेअकरा हजारांच्या घरात. जे द्राक्ष तीन आठवड्यांच्या आसपास पोचायचं त्याला पाच आठवडे लागायला लागले. आमच्यासाठी भाडेवाढीपेक्षा हे जास्त वाईट होतं. द्राक्षाचं आयुष्य मोजकं असतं. दोन आठवडे समुद्रात जास्त गेले की तेवढे दिवस दुकानाच्या फळीवरून कमी होतात, देठ तपकिरी पडतो आणि भाव पाडला जातो. छाटणी तर आधीच होऊन गेली होती. मालाची साखर, कडकपणा, रंग सगळं आफ्रिकेच्या वळशाच्या हिशेबाने नव्याने तपासावं लागलं. जो माल तेवढा टिकणार नाही तो देशातल्या बाजारात किंवा बेदाण्याला वळवणं भाग होतं. तांबड्या समुद्रातलं भांडण ओझर-पिंपळगावच्या मजुरीपर्यंत कसं येतं, ते त्या हंगामात आम्ही रोज बघत होतो.

पण जाळं तुटायला युद्धच लागतं असं नाही. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. ती ४ मे २०२४ ला उठली, तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. शहरात कांदा महागला की सरकारवर दबाव येतो, हे मला समजतं. तरीही माझं ठाम मत आहे की एका रात्रीत निर्यात थांबवण्याने झालेलं नुकसान त्या हंगामापुरतं नसतं. परदेशातला व्यापारी दुसरा पुरवठादार शोधतो आणि बंदी उठली म्हणून लगेच परत येत नाही. लासलगावच्या शेतकऱ्याने पुढच्या वर्षी किती कांदा लावावा आणि कांदा साठवायची चाळ बांधावी की नाही, याचा हिशेबच बिघडतो. धोरण बदलायला हरकत नाही, पण पेरणीच्या आधी सांगा.

उलट बाजूचं उदाहरण जीएसटीचं. १ जुलै २०१७ ला जकात आणि राज्यांच्या सीमांवरचे विक्रीकर नाके गेले. मुंबईच्या वेशीवर मुलुंडला ट्रकच्या ज्या रांगा लागायच्या त्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. डांबराचा एक डबाही न ओतता ट्रकचा वेळ वाचला. व्यापाऱ्यांना प्रत्येक राज्यात कर वाचवण्यासाठी वेगळं गोदाम ठेवायची गरज उरली नाही आणि मोठी गोदामं भिवंडीसारख्या सोयीच्या ठिकाणी वाढली. जाळ्यात नियम आणि कागदपत्रंही येतात, म्हणून उत्तर लिहिताना फक्त सिमेंट-लोखंड मोजू नका.

इतिहासाचा आधार हवा असेल तर डेव्ह डोनाल्डसन यांचा ब्रिटिशकालीन रेल्वेवरचा अभ्यास घ्या. त्यांनी वाहतुकीचा खर्च मोजायला मिठाचे भाव वापरले, कारण ठरावीक प्रकारचं मीठ ठरावीक जागीच तयार व्हायचं. दूरच्या जिल्ह्यातला भाव आणि मूळ जागेचा भाव यांतला फरक म्हणजे वाहतुकीचा खर्च. रेल्वे पोचल्यावर जिल्ह्याचं शेतीतलं खरं उत्पन्न सुमारे १६ टक्के वाढलं, असा त्यांचा निष्कर्ष आहे. याच्या शेजारी १८७६-७८ चा दुष्काळही ठेवा. दख्खनमध्ये माणसं अन्नावाचून मरत होती, रेल्वे होती, आणि त्याच काळात देशातून गहू बाहेर जात होता. माल पैशाच्या मागे जातो, भुकेच्या मागे आपोआप जात नाही. ते काम सरकारला करावं लागतं आणि तेव्हाच्या सरकारने ते केलं नाही.

राहिला तुमचा उपप्रश्न. रस्ता आला की गावाचं उत्पन्न वाढतंच, असं नाही. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेवर सॅम ॲशर आणि पॉल नोवोसाद यांचा मोठा अभ्यास आहे. पक्का रस्ता झालेल्या गावांत शेतीचं उत्पादन किंवा घरांची मिळकत फारशी बदललेली दिसली नाही. ठळक बदल एकच होता: लोक शेती सोडून बाहेरच्या कामांकडे वळले. आमच्याकडेही पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबं द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला येतात. पूर्वी ती हंगामभर बागेच्या कडेला पाल ठोकून राहायची आणि पोरांची शाळा बुडायची. आता ज्यांच्या पाड्यापर्यंत जीप जाते त्यांतले बरेच जण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. कुठल्या टोळीला कुठे काम आहे आणि मजुरी काय, हे आदल्या रात्री फोनवर ठरतं, म्हणून मुकादम सांगेल तो दर मुकाट घ्यावा लागत नाही. त्यांच्या पाड्यावरचं भाताचं पीक होतं तेवढंच आहे. त्यामुळे त्या रस्त्याचा हिशेब मांडताना पाड्यातलं पीक बघून थांबू नका. तिथल्या माणसांना कुठे काम मिळालं, काय दराने मिळालं आणि पोरं शाळेत राहिली का, ते विचारा.