नाशिकमध्ये ट्रकने बाइकला धडक दिली, पायाला रॉड टाकलाय, ट्रकमालक चाळीस हजारात मिटवा म्हणतोय. काय करावं?

तुमची गोष्ट बाकीच्यांसाठी थोडक्यात मांडतो. सेकंड शिफ्ट सुटल्यावर अंबडहून बाइकवर घरी निघालात, गरवारे पॉइंटजवळ आयशर ट्रकने इंडिकेटर न देता डावीकडे घेतलं आणि तुम्ही खाली आलात, नडगीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वय 37, पगार 18 हजाराच्या आसपास. आता ट्रकमालक घरी येऊन बसतोय, ड्रायव्हर गरीब आहे, लेकरंबाळं आहेत, चाळीस हजार घ्या आणि सही करा.

मी वकील नाही. नाशिकला सीबीएसजवळच्या जिल्हा कोर्टात अपघाताचे दावे चालवणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे कारकून आहे, फायली लावणं, नकला काढणं, पार्ट्यांना तारखा कळवणं हे माझं काम. त्यामुळे कायद्याचं शेवटचं त्यांनाच विचारा, पण केस कुठल्या कागदावर अडकते ते मला रोज दिसतं.

सही करू नका. कारण असं की तुमची भरपाई ट्रकमालकाने खिशातून द्यायचीच नसते. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि तो नेमका तुमच्यासारख्या माणसासाठी असतो, ज्याला त्या गाडीने ठोकलं. दावा लागतो ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी तिघांवर, पण ट्रकचा विमा आणि कागद नीट असतील तर चेक कंपनीचा येतो. मग मालक चाळीस हजार द्यायला का धावतोय? कधी पोलीस केसमुळे गाडी अडकून पडू नये म्हणून, कधी ड्रायव्हरवरचा गुन्हा हलका व्हावा म्हणून, आणि कधी ट्रकचा विमा संपलेला असतो म्हणून. हे शेवटचं आधी तपासा. एमपरिवहन ॲपवर ट्रकचा नंबर टाकला की विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे ते दिसतं. विमा नसेल तर पैसे मालकाकडूनच वसूल करावे लागतात, तेव्हा पोलिसांकडून गाडी सुटायच्या आत वकील गाठा. आणि ड्रायव्हरची दया येत असेल तर येऊ द्या, चांगलंय, पण त्याच्यावरची फौजदारी केस वेगळी आणि तुमचा भरपाईचा दावा वेगळा, तुम्ही दावा लावला म्हणून त्याच्या पोरांच्या तोंडचा घास जात नाही. तो मालक जो कागद पुढे करतोय ना, त्यात एक ओळ हमखास असते की 'माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, अपघात कोणाच्या चुकीने झाला ते सांगता येत नाही'. पुढे तीच ओळ विमा कंपनीचा वकील कोर्टात वाचून दाखवतो.

आता हॉस्पिटलचे कागद, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण केसेस इथेच फसतात. तुम्हाला कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा डॉक्टरने केस पेपरवर सगळ्यात वर दोन ओळी लिहिल्या असतील, अपघात कसा झाला त्याच्या. ती माहिती तुम्ही दिलेली नसते, तुम्ही तर कण्हत होतात, ज्याने रिक्षात घालून आणलं त्याने जे सांगितलं ते डॉक्टरने लिहिलं. आणि बऱ्याचदा लिहिलेलं असतं 'बाइकवरून पडला' किंवा 'गाडी स्लिप झाली'. ट्रकचा उल्लेखच नाही. मग विमा कंपनी म्हणते हा माणूस स्वतःहून पडला आणि नंतर आमचा ट्रक गुंतवला, आणि मग तुम्ही साक्षीदार शोधत फिरा. म्हणून आजच डिस्चार्ज कार्ड काढून वाचा, आणि पहिल्या दिवशीच्या केस पेपरची नक्कल मागा, ती तुम्हाला मिळते. चुकीचं असेल तर त्यावर खाडाखोड करायला कोणाला सांगू नका, हॉस्पिटलला साधा लेखी अर्ज द्या, पोच घ्या आणि पोलिसांत पुरवणी जबाब द्या की प्रत्यक्षात असं असं घडलं. एमएलसी झाली का तेही बघा, म्हणजे हॉस्पिटलने पोलिसांना कळवलं का. सिव्हिलला ती होतेच, लहान खासगी दवाखान्यात कधी राहून जाते.

बिलांचं सगळ्यांना माहिती असतं त्यामुळे लांबण लावत नाही. मेडिकलच्या प्रत्येक बिलावर पेशंटचं नाव हवं, रॉड-स्क्रूचे स्टिकर जपून ठेवा, रिक्षाच्या पावत्या घ्या, घरात कोणी तुमच्यासाठी कामावरून खाडे केले तर तेही लिहून ठेवा. रॉड पुढे काढायचा असेल तर त्याचा अंदाजे खर्च डॉक्टरांकडून लेटरहेडवर लिहून घ्या, नंतर कोर्टात तोंडी सांगून काही मिळत नाही.

पोलिसांचं बघू. एफआयआर झालाय असं तुम्ही लिहिलंय पण जबाब कोणाचा आहे ते नाही लिहिलं. हॉस्पिटलात गुंगीत असताना हवालदार येऊन जबाब घेऊन जातात, त्यात काय लिहिलंय ते वाचून घ्या. एफआयआरची नक्कल फिर्यादीला फुकट मिळते. घटनास्थळ पंचनामा, ट्रकच्या विम्याची आणि ड्रायव्हरच्या लायसन्सची झेरॉक्स, आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकाचा रिपोर्ट, हा सगळा सेट लागतो. नियम असा आहे की तपास अधिकाऱ्याने अपघाताचा पहिला रिपोर्ट 48 तासांत आणि सविस्तर रिपोर्ट 90 दिवसांत ट्रिब्युनलला, म्हणजे अपघाताचे दावे चालतात त्या कोर्टाला, पाठवायचा. नियम 1 एप्रिल 2022 पासून आहे, पण पोलीस स्टेशनला कामं किती असतात ते तुम्ही बघितलंच असेल, त्यामुळे अर्ज देऊन पोच घेऊन मागे लागायला लागतं.

सीसीटीव्हीचं मात्र आजच्या आज करा. पेट्रोल पंप, कंपनीचं गेट, हॉटेल, जिथे कॅमेरा रस्त्याकडे तोंड करून असेल तिथे भावाला पाठवा. या रेकॉर्डिंगवर थोड्या दिवसांत नवीन रेकॉर्डिंग चढतं आणि जुनं पुसलं जातं. दुकानदार फुटेज देत नसेल तर पोलिसांना लेखी द्या की अमुक ठिकाणी कॅमेरा आहे, ताब्यात घ्या.

मुदत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली दावा अपघातापासून सहा महिन्यांत लावायचा असतो, ही मुदत 2019 च्या दुरुस्तीने आली. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर घरी बसू नका, सहा महिने प्लास्टर, फिजिओथेरपी आणि सणावारांत कसे जातात कळत नाही. ट्रक गुजरातचा असला तरी तिकडे जावं लागत नाही, तुम्ही राहता नाशकात आणि अपघातही नाशकात, दावा इथेच लागतो.

किती मिळेल हे तुम्ही विचारलंय. खात्रीचा आकडा कोणी सांगत असेल तर तो माणूस एजंट आहे असं समजा. पण हिशोब कसा होतो ते सांगतो. उपचाराचा खर्च, बुडालेला पगार, वेदना, पथ्यपाणी, येणंजाणं हे एकीकडे. दुसरीकडे कायमचं अपंगत्व राहिलं तर पुढच्या कमाईतली घट, आणि मोठी रक्कम इथेच असते. समजा कोर्टाने धरलं की तुमची कमाईची ताकद 20 टक्के कमी झाली. 18 हजार गुणिले 12 म्हणजे वर्षाचे 2,16,000, त्याचे 20 टक्के 43,200, आणि वय 36 ते 40 मध्ये असेल तर गुणक 15, म्हणजे 6,48,000. हा गुणक सुप्रीम कोर्टाने 2009 च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे ठरवून दिलाय. वर व्याजही मिळू शकतं, दावा लावल्याच्या तारखेपासून. आता ते चाळीस हजार याच्या शेजारी ठेवून बघा.

यात एक गोम आहे. डॉक्टर सर्टिफिकेटवर लिहितात पायाचं अपंगत्व इतके टक्के, आणि कोर्ट बघतं की त्यामुळे तुमच्या कामावर किती परिणाम झाला. 2010 च्या राजकुमार वि. अजयकुमार निकालात सुप्रीम कोर्टाने हे स्पष्ट सांगितलंय. तुम्ही मशीनवर आठ तास उभं राहून काम करणार असाल तर तोच पाय टेबलवर बसून काम करणाऱ्यापेक्षा तुम्हाला जास्त महाग पडतो. म्हणून कंपनीकडून तुमचं काम नेमकं काय आहे त्याचं पत्र घ्या, सॅलरी स्लिप, बँक स्टेटमेंट, रजेचा हिशोब सगळं घ्या. सर्टिफिकेटची घाई मात्र नको, हाड जुळल्यावर, उपचार संपत आल्यावर घ्यायचं असतं, सिव्हिलच्या मेडिकल बोर्डाचं असेल तर वजन जास्त, आणि ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना साक्षीला यावं लागू शकतं हे त्यांच्या कानावर घालून ठेवा.

पोलिसांनी सविस्तर रिपोर्ट दिल्यावर विमा कंपनी कधी कधी स्वतःहून तडजोडीची रक्कम देऊ करते. कलम 164 खाली कोणाची चूक होती हे न बघता गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात, आणि फ्रॅक्चर कायद्यात गंभीर दुखापतच आहे. पण ते पैसे स्वीकारले की 166 चा मोठा दावा संपतो. किरकोळ फ्रॅक्चर असेल, चूक अर्धी आपलीच असेल तर घेऊन मोकळं व्हावं, मी तर म्हणेन तेच शहाणपण. तुमच्या केसमध्ये रॉड आहे, पुढचं ऑपरेशन आहे, वकिलाला दाखवल्याशिवाय नको.

पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापली जात असेल तर कंपनीला अपघाताचा रिपोर्ट पाठवायला लावा. कामावरून घरी जाताना झालेला अपघात, वेळ आणि रस्ता कामाशी जुळत असेल तर, कामावरचाच धरला जातो आणि तात्पुरत्या अपंगत्वात पगाराच्या साधारण 90 टक्के मिळतात. एचआरवाले बऱ्याचदा साध्या आजारपणात टाकून देतात, त्यात कमी मिळतं.

हेल्मेट आणि लायसन्सबद्दल जे खरं आहे तेच सांगा. लायसन्स नव्हतं म्हणून गाडी चुलतभाऊ चालवत होता असं दाखवायला सांगणारे सल्लागार नाशकात कमी नाहीत, ते ऐकू नका, उलटतपासणीत दोन प्रश्नांत सगळं बाहेर येतं आणि खरा दावाही खोटा दिसायला लागतो.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. ट्रक पळून गेला आणि नंबर मिळालाच नाही तर हिट अँड रनच्या योजनेत गंभीर दुखापतीला 50 हजार आणि मृत्यू झाला तर 2 लाख मिळतात, अर्ज तहसील किंवा प्रांत ऑफिसला. आणि मे 2025 पासून केंद्राची कॅशलेस योजना आहे, ठरलेल्या हॉस्पिटलात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार, तेव्हा ॲडमिट करतानाच विचारा. रस्त्यावर असाल तर 108 किंवा 112, हायवेवर 1033.

वकिलाचं शेवटी. वॉर्डात येऊन कार्ड वाटणाऱ्याला देऊ नका केस, कोऱ्या वकालतनाम्यावर आणि कोऱ्या चेकवर सही तर अजिबात नको. फी परवडत नसेल तर जिल्हा कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, औद्योगिक कामगारांना तिथे मोफत वकील मिळू शकतो. तुम्हाला जिने चढता येणार नाहीत, भावाला पाठवा, सकाळी अकरानंतर, झेरॉक्सचे दोन सेट आणि आधार देऊन. ओरिजिनल एक्स-रे मात्र घरीच ठेवा, कोणीही मागितले तरी आत्ता देऊ नका, ते कोर्टात दाखल करताना लागतील.