आखाडाचा कोंबडा पौषात काढावा लागतो

प्रश्न : मुलगा यंदा बारावी सायन्स झाला, बायोलॉजी होतं, ६२ टक्के पडले. पुढं शिकायचं नाही, देशी कोंबड्यांचाच धंदा करणार म्हणतो. मित्रानं कडकनाथची योजना दाखवलीय : ऐंशी हजार भरायचे, पिल्लं-खाद्य तेच देणार, अंडीही तेच घेणार. माझ्या घरी दहा-बारा गावरान कोंबड्या आहेतच. मालक म्हणतात, एवढं शिकून कोंबड्या राखणार का? काय करावं?
– एक आई, कळंब तालुका

ताई, पैसे भरू नका. हे आधी सांगते, बाकीचं निवांत वाचा. २०१९ साली सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपूर भागात कडकनाथची अशीच योजना गाजली. पिल्लं मिळाली, पण पुढं अंडी उचलायला कोणी आलंच नाही आणि शेतकरी कर्ज घेऊन बसले. यात कडकनाथचा दोष नाही. मध्य प्रदेशातल्या झाबुआची ती अस्सल जात, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण तिची अंडी काळी नसतात, फिकट बदामी असतात. काळी अंडी म्हणून कोणी काही विकत असेल, तर तिथून उठून या. शिवाय ही कोंबडी खुडूक फारशी बसत नाही. अंडी उबवायला मशीन लागते, नाहीतर तुमच्या घरची गावरान.

म्हणजे अर्धी विद्या तुमच्याच अंगणात आहे. मुलाला पहिला धडा तुम्हीच द्यायचा.

आता हिशेब. गावरान कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते. चाळीस कोंबड्या धरल्या, सरासरी सत्तर धरली, तर २८०० अंडी. दिवसाला आठसुद्धा नाहीत. नुसत्या अंड्यांवर घर चालणार नाही. पैसा कोंबड्यात आणि पिल्लांत आहे, आणि तो महिना बघून येतो. आखाडात गावरान कोंबड्याला मागणी असते, श्रावण लागला की बाजार बसतो. ब्रॉयलर सहा आठवड्यांत दोन किलोचा होतो, पण गावरान कोंबड्याला पाच-सहा महिने लागतात. म्हणून आखाडाचं पिल्लू पौषातच निघायला हवं.

मुलाला सांगा, तीन खुडूक कोंबड्या एकाच दिवशी बसव, प्रत्येकीखाली दहा-बारा अंडी. सातव्या रात्री बॅटरीच्या उजेडात बघून वांझ अंडी काढून टाक. एकविसाव्या दिवशी सगळी पिल्लं एका वयाची निघतात, म्हणजे लसही एकाच दिवशी देता येते. सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस, चौदाव्याला गंबोरो रोगाची, पुढं देवीची लस, आठव्या-दहाव्या आठवड्यात मानमोडीचीच दुसरी लस, आर-टू-बी. लसीची बाटली शंभर-शंभर पिल्लांची असते आणि कालवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. म्हणून शेजारणींच्या कोंबड्यांनाही त्याच दिवशी लस द्या. बाटली बर्फात आणायची. एवढं एक चुकल्यापायी मानमोडीत अख्खी खुराडी रिकामी झालेली मी पाहिलीत.

तुमच्याकडं सोयाबीन घरचं असेल. ते कच्चं कधीच घालू नका, भाजून घाला. पावसात बुरशी धरलेला मकाही नको. आणि चैत्र-वैशाखात आपल्याकडचं ऊन बेचाळीसच्या वर जातं, कोंबडीला घाम येत नाही, ती नुसती धापा टाकते. तेव्हा सावली आणि गार पाणी यांत कंजुषी नको.

केंद्राच्या योजनेत ग्रामीण कुक्कुटपालनाला पन्नास टक्के, जास्तीत जास्त पंचवीस लाख अनुदान आहे, पण त्यासाठी किमान हजार पक्ष्यांचा कळप लागतो. आधी तीस पिल्लं वाचवून दाखवू दे, मग त्याचं बघू.

मालकांची काळजी मला कळते. पण शिक्षण आणि कोंबड्या यांत एकच निवडायचं, असं कुठंय? बायोलॉजी असल्यामुळं पशुवैद्यकीची वाट अजून उघडी आहे : नीट ही प्रवेश परीक्षा द्यायची, साडेपाच वर्षांचा अभ्यास, आणि कॉलेजं जवळच, परभणीला आणि उदगीरला. एक वर्ष त्याला द्या. सकाळी कोंबड्या, दिवसभर नीटचा अभ्यास. आखाड उलटला की मालकांसमोर दोन्हींचा निकाल असेल, मग तिघं मिळून ठरवा.

तोवर त्याला एक वही करायला सांगा. कुठली कोंबडी किती अंडी घालते, कुठली पिल्लं नीट सांभाळते, आजारातून कुठली तगली, हे रोज लिहायचं. आणि जी सगळ्यांत उजवी ठरेल, ती पाहुण्यांसाठी कापायची नाही. पुढच्या पौषात तिचीच अंडी बसवायची.