खोकला नाही, मग हाडाला टीबी कसा?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली आई, सोबत आठवीतला मुलगा. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) हातातला कागद कन्नडात होता. खिडकीवरच्या माणसानं तो वाचला, त्यातला 'क्षयरोग' हा एकच शब्द तिला कळला. तो दोन्ही भाषांत सारखाच.

"मॅडम, घरात कुणाला खोकला नाही की ओ. मग हाडाला टीबी कसा?"

हे मला नेहमी विचारतात. जंतू बहुतेकदा श्वासावाटेच शिरतो. छातीत काही न दाखवता रक्तातून मणक्यात, खुब्यात, गुडघ्याजवळ जाऊन बसतो आणि महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं गप्प राहतो. पोरगा कबड्डीत पडला तेव्हा पायाकडं लक्ष गेलं, एवढंच.

नेहमीच्या जंतूंनी हाडात पू झाला तर पोर बहुधा चार-दोन दिवसांतच तापानं फणफणतं, पाय टेकत नाही. याची नडगी वरच्या टोकाला सुजलेली, पण ना लाल, ना गरम. दिवसा बरा असायचा, रात्री झोपेत ओरडायचा. 'वाढीचं दुखणं' म्हणत चार महिने गेले. एक्स-रेत हाडात पोकळी दिसली आणि घरात कॅन्सरचं नाव निघालं. एक्स-रेवर दोन्ही सारखं दिसू शकतं, म्हणून सुईनं तुकडा काढून तपासावा लागतो. 'सुई लावली की पसरतं' असं कुणीतरी सांगितलं आणि त्यात पंधरा दिवस वाया गेले. या वाक्याचा मला राग आहे.

सगळं ऐकून ती गप्प बसली. मग हळूच म्हणाली, "रोज तेल लावून मीच चोळत होतो ओ. त्यानं झालं काय?"

खरा प्रश्न हा होता. मी म्हटलं, चोळल्यानं टीबी होत नाही. आता मात्र चोळू नका. याच क्रमानं सांगते. उलट सांगितलं की आईला दुसरं काही ऐकूच येत नाही.

गोळ्या साधारण 12 महिने, सरकारी दवाखान्यात फुकट, शिवाय खात्यावर महिन्याला 1000 रुपये. लघवी नारिंगी होईल हे पहिल्याच दिवशी सांगते. एकदा सांगायचं राहिलं होतं, त्या घरानं तिसऱ्या दिवशी औषध बंद केलं.

पोरगा इतका वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत होता. "गोळ्या शाळेत घ्यायच्या काय?"

"नाही रे, सकाळी घरीच."

तेव्हा कुठं त्यानं मान वर केली.

छातीचा फोटो स्वच्छ होता, म्हणजे त्याच्यापासून कुणाला लागण्याची भीती नव्हती. ताट वेगळं करायचं कारण नाही. पण त्याला कुणाकडून तरी लागलंय, म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी हवी. इथं ती अडली. "जावेला कळलं तर गावभर होतंय."

जावेची दोन पोरं त्याच घरात झोपतात. अर्धा तास घासाघीस झाली.

"मंगळवारी तिला घेऊन येतो," उठता उठता ती म्हणाली. "तुम्हीच सांगा की."