वाहन-सल्ला : एअरबॅगचा दिवा विझत नाही

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक २०१९ची आहे. महिनाभरापासून एअरबॅगचा दिवा अधूनमधून लागतो. पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण फिरवलं की हमखास लागतो. हॉर्नही कधी वाजतो, कधी नाही. गॅरेजमध्ये दोनदा कोड (गाडीच्या कॉम्प्युटरमधली बिघाडाची नोंद) पुसला, दोन दिवसांत दिवा परत. आता मेकॅनिक म्हणतो, ड्रायव्हरची एअरबॅग बदलावी लागेल. आधी घरी मल्टीमीटरने बॅग तपासू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मल्टीमीटरचं आधी सांगतो, कारण त्यात जिवाचा धोका आहे. बॅगेला मल्टीमीटर लावू नका, कधीच नाही. बॅगेच्या आत साधारण २ ओहमची एक बारीक तार असते. ती तापली की बॅग फुटते. ओहम मोजताना मीटर स्वतःच्या बॅटरीतून त्या तारेत करंट सोडतो. ड्रायव्हरची बॅग सुमारे ३० मिलिसेकंदांत फुगते, हात मागे घ्यायलाही तेवढ्यात वेळ मिळत नाही.

आता बिघाडाकडे वळू. तुमच्या पत्रातलं खरं निदान हॉर्नच्या वाक्यात आहे. हॉर्न आणि एअरबॅग दोघांच्या वायरी एकाच भागातून जातात. तो भाग म्हणजे स्टीअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग. प्लास्टिकच्या चपट्या डबीत तांब्याच्या पट्ट्या असलेली फीत गुंडाळलेली असते; स्टीअरिंग फिरेल तशी ती सुटते आणि आवळते. फितीतली पट्टी तुटत आली की सरळ रस्त्यावर टोकं टेकलेली राहतात आणि वळणावर सुटतात. बॅग खराब असती, तर हॉर्न बिघडायचं काही कारण नव्हतं. म्हणून बॅग विकत घेण्याआधी ही फीत तपासून घ्या.

तपासणीचा क्रम मेकॅनिककडून असाच करून घ्या. चाकं सरळ, चावी बंद. १० नंबरच्या पान्याने बॅटरीचा निगेटिव्ह काढा आणि किमान ३ मिनिटं थांबा. मॅन्युअलमध्ये जास्त वेळ दिला असेल तर तेवढा. कंट्रोल युनिटमधल्या (बॅग कधी फोडायची ते ठरवणाऱ्या डबीतल्या) कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही बॅग फोडण्याइतका चार्ज उरतो, म्हणून ही वाट पाहायची. मग बॅग उतरवून, पिवळा कपलर (वायरींचा प्लग) सोडवून, ती टेबलावर नक्षीची, म्हणजे ड्रायव्हरकडची बाजू वर ठेवून द्या. पालथी ठेवली आणि चुकून उडाली, तर ती छतापर्यंत जाते. उचलून नेतानाही पाठ अंगाकडे, तोंड बाहेर.

आता बॅगेच्या जागी कपलरला २.२ ओहमचा रेझिस्टर जोडा, म्हणजे कंट्रोल युनिटला बॅग जोडलेलीच वाटते. बॅग दोन टप्प्यांची असेल तर दोन कपलर, दोन रेझिस्टर. रेझिस्टरचे पाय जाड असले तर आत कोंबू नका. पिना फाकतात आणि उद्या तोच नवा बिघाड होतो. बॅटरी जोडून, चावी लावून कोड पुसा आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा. दिवा परत आला तर बॅग निर्दोष आहे. दोष क्लॉक स्प्रिंगमध्ये किंवा पुढच्या वायरिंगमध्ये. दिवा आलाच नाही तरच बॅगेवर किंवा तिच्या कपलरच्या सैल पिनांवर संशय घ्यायचा.

मल्टीमीटर इथे वापरता येतो, पण क्लॉक स्प्रिंगची दोन्ही टोकं सुटी करून, बॅग आणि कंट्रोल युनिट दोन्हींपासून वेगळी असतानाच. प्रत्येक वायरीचा रोध टोकापासून टोकापर्यंत एक ओहमच्या आत असावा आणि हळूहळू फिरवताना तो उड्या मारू नये. एका गोष्टीत मेकॅनिक फसतात : पिवळा कपलर उघडला की त्यातली बारीक पत्ती दोन्ही पिना आपोआप जोडते, स्थिर विजेने बॅग उडू नये म्हणून. त्यामुळे दोन पिनांमध्ये मोजलं की शॉर्ट दिसतो आणि चांगली वायरिंग बदलली जाते.

नवी क्लॉक स्प्रिंग बसवताना तिला मध्यावर आणणं महत्त्वाचं. हलक्या हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, मग मॅन्युअलमध्ये दिलेले वेढे उलटे सोडून खुणा जुळवा. मध्य चुकला, तर पहिल्याच पूर्ण वळणावर फीत तुटते. नव्या भागाबरोबर लॉकची टेप येते. फिटिंग होईपर्यंत ती काढू नका. शेवटी रेझिस्टर निघाला आहे ना आणि खरी बॅग जोडली आहे ना, हे पुन्हा पाहा. आणि हे सगळं होईपर्यंत दिवा लागलेली गाडी चालवताना बॅग उघडणार नाही असंच धरून चला.

प्रश्न : पावसाळ्यात दिवा लागतो, उन्हाळ्यात नाही. सीट पुढे-मागे सरकवली की जातोही. कारण काय?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : सीटखालचे पिवळे कपलर. साइड एअरबॅग आणि बेल्ट खेचणाऱ्या यंत्रणेच्या वायरी तिथून जातात. गालिच्याखाली ओल मुरली की पिनांवर हिरवा थर चढतो आणि रोध वाढतो. वर सांगितल्याप्रमाणे बॅटरी काढा, ३ मिनिटं थांबा, कपलर सोडवून पाहा. थर हलका असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर पुरतो. पिन खाल्ली गेली असेल तर कपलरच बदला. वायर कापून जोड मारू नका. ओल दरवाजाच्या रबरातून येते का, एसीच्या नळीतून, हेही शोधा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात तेच.

प्रश्न : जुनी गाडी घेताना एअरबॅग शाबूत आहे हे कसं ओळखावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. एअरबॅगचा दिवा लागून काही सेकंदांत आपोआप विझला पाहिजे. लागलाच नाही, तर बल्ब काढला असण्याची शक्यता आहे. इंजिन चालू केल्यावरच, ऑइलच्या दिव्याबरोबर विझला, तर वायर तिकडे जोडून दिलेली असू शकते. बॅगेच्या जागी रेझिस्टर टाकून दिवा विझवणारेही असतात, आणि ते दिव्यावरून कळत नाही. मग डॅशबोर्डचा रंग आणि फटी, स्टीअरिंगचं कव्हर, बेल्टच्या शिवणी बघा. इंजिनाचे कोड वाचणारा स्वस्त स्कॅनर बऱ्याचदा एअरबॅग वाचतच नाही. त्या कंपनीचं एअरबॅग युनिट वाचणारा स्कॅनर लावून घ्या. युनिटमध्ये अपघाताची नोंद असली, तर सौदा थांबवा.