माळ्याला बागेचंच आमिष

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद. तुझं बाड वाचून काढलं. नायिकेच्या हाती तो शापित मणी लागतो आणि दोन ओळींत ती तो दरीत भिरकावून मोकळी होते, का तर 'तिचं मन निर्मळ होतं'. अरे, मन इतकं निर्मळ असेल तर मोह पडला कुणाला?

टॉल्किनच्या १९५५ सालच्या 'द रिटर्न ऑफ द किंग' या कादंबरीतलं सॅम गॅमजीचं प्रकरण पुन्हा काढून बस. सॅम माळ्याचा पोर, स्वतःही माळीच. मालक फ्रोडो शत्रूच्या कैदेत, सत्तेचा मोह घालणारी ती जादूची अंगठी सॅमच्या गळ्यात आणि समोर मॉर्डॉर, शत्रूचा उजाड मुलूख. अंगठी आधी ठरावीक भूल घालते: हातात धगधगती तलवार, मागे चालून येणाऱ्या फौजा. हे काय, कुणालाही दाखवता येतं. पण मग ती नेमकी नस पकडते. तू नुसता हुकूम सोड, हे सगळं खोरं फुलाफळांची बाग होईल! माळ्याला बागेचंच आमिष. त्याच कथेतली एल्फ लोकांची स्वामिनी गॅलाड्रिएल हीच अंगठी नाकारते, तिच्या त्या गाजलेल्या नकारापेक्षा मला हा प्रसंग सरस वाटतो. भांडायचं तर भेटलास की भांडू.

सॅम तरतो तो मुख्यतः मालकावरच्या मायेने. शिवाय डोकं जमिनीवर. स्वतःच्या हातांनी खणता येईल एवढा तुकडा त्याला पुरे. दुसऱ्यांना राबवून उभी केलेली राज्याएवढी बाग घेऊन करायचं काय? आणि अंगठी घालून मिरवायला गेलो तर शत्रू क्षणात हेरेल, हेही तो ओळखून असतो.

तरी तो कोरडा सुटत नाही हं. फ्रोडो सापडल्यावर अंगठी परत देताना तो घुटमळतो, 'ओझं वाटून घेऊ का' म्हणतो. फ्रोडो ती हिसकावून घेतो आणि त्यालाच चोर ठरवतो. तुझ्या नायिकेला असं काहीच सोसावं लागत नाही.

तिचा मुका भाऊ पहिल्या प्रकरणानंतर कुठे गेला? मण्यातून तिला त्याचा आवाज ऐकू येऊ दे, स्वच्छ, तिचं नाव घेणारा. त्या दोघांची हातवाऱ्यांची भाषा तू दुसऱ्या पानावर फार सुरेख लिहिली आहेस. तिचा नकार तिथूनच काढ. मणी टाकल्यावर भाऊ तिच्यावर चिडला तरी चालेल. सुधारलेलं प्रकरण दिवाळीआधी पाठव.

तुझा,
काका